मुकी रूम

सुलभाताई,

‘बघून सांगतो,’ असं मी शेठना म्हणालो होतो. तुम्ही तिथेच उभ्या होतात, दाराजवळ, हातात पाण्याचा रिकामा ग्लास धरून. त्यानंतर मी काही बघितलं नाही आणि कुणाला काही सांगितलंही नाही. बघण्यासारखं काही नव्हतंच, मला सगळं ठाऊक होतं. सांगायचं तेवढं राहिलं, आणि ते मी इतकी वर्षं टाळत आलो. शेठ होते तोवर टाळलं. ते गेले तेव्हा, लिहायला लाज वाटते, पण सुटल्यासारखं वाटलं. आता तुम्हीही गेलात, आणि सुटल्यासारखं मुळीच वाटत नाही.

तुमची प्रज्ञा तुमच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका काढते आहे. मला म्हणाली, ‘काका, तुम्ही आईचे साहेब होतात. चार चांगल्या ओळी द्या ना.’ त्या चार ओळी लिहायला बसलो की तुमचा आवाज येतो. आठवतो असं नव्हे, येतो. दार उघडून खोलीत पाऊल टाकावं आणि कुणीतरी आतून बोलावं, तसा. म्हणून चांगल्या ओळी बाजूला ठेवून हे लिहितो आहे. प्रज्ञा वाचेल. तुम्ही घरी हॉटेलचं फारसं काही बोलत नव्हतात हे तिच्याकडूनच कळलं, तेव्हा तिला समजेल असं पहिल्यापासून सांगतो.

शेठ आपल्या हॉटेलचे मालक, मी मॅनेजर, तुम्ही रिसेप्शनला. फोन, बुकिंग, पाहुण्यांची उठबस सगळं तुमच्याकडे. तुम्ही आलात त्या पहिल्या आठवड्यात मी तुम्हाला धंद्याचा मंत्र शिकवला होता. पाहुण्याला ‘नाही’ म्हणायचं नाही, ‘बघून सांगतो’ म्हणायचं. तुम्ही लगेच विचारलंत, ‘पोहायचा तलाव आहे का विचारलं तर?’

‘तरी बघून सांगतो.’

‘काय बघायला जाऊ साहेब? गच्चीवरची टाकी?’

सगळं रिसेप्शन हसलं होतं. त्यानंतर मी काही टाळायला लागलो की तुम्ही हळूच म्हणायचात, ‘साहेब टाकी बघायला निघाले.’ 

मग शेठनी ती नवी सिस्टीम बसवली. दाराशेजारच्या खाचेत किल्लीचं कार्ड घातलं की दिवे लागायचे आणि टीव्ही आपोआप सुरू व्हायचा. पडद्यावर द्राक्षांचा घड, त्याखाली पाहुण्याचं नाव, आणि स्वागताला आवाज. आधी येऊन गेलेल्या पाहुण्याला सिस्टीम मोबाइल नंबरावरून ओळखायची, त्याच्यासाठी वाक्य वेगळं: ‘परत आलात, आनंद झाला.’ नाव लिहिलेलं असायचं, आवाज सगळ्यांना एकच. तुमचा.

रेकॉर्डिंग लिनन रूममध्ये केलं होतं, म्हणजे चादरी-टॉवेलांच्या कोठारात, कारण गठ्ठ्यांमुळे तिथे बाहेरचा आवाज येत नसे. तुम्ही कागद धरून ताठ उभ्या, आणि समोर मी उशीचा अभ्रा डोक्यावर टोपीसारखा घालून पाहुणा झालो होतो. ‘परत आलात’पर्यंत तुम्ही निभावलंत. ‘आनंद झाला’ म्हणताना हसू दाबलंत, पण ते थोडं निसटलंच. सिस्टीमच्या कंपनीचा माणूस म्हणाला, पुन्हा घेऊ. मी म्हणालो, राहू द्या, खरं वाटतं. ते हसू माझ्यामुळे आलेलं होतं आणि ठेवूनही मीच घेतलं. हे प्रज्ञाला माहीत असावं.

टीव्हीवरून आपलं कायम वाजायचं. तुमचं म्हणणं, ‘माणूस प्रवासातून येतो, त्याला आधी बाथरूमला जायचं असतं. हा टीव्ही दारातच गळ्यात पडतो.’

‘अहो, आपण त्यांना ओळखतो हे कळायला नको?’

‘ओळखायचं तोंड बघून. नंबर बघून कसली ओळख?’

मी म्हणायचो, जग पुढे गेलं ताई. तुम्ही म्हणायचात, जाऊ द्या की, रूम इथेच आहेत. हा वाद आपण कधी संपवला नाही. आता संपवावा, तर तुमची बाजू मलाच मांडावी लागते, आणि दर वेळी मी हरतो.

नाशिकच्या हॉटेलात दोन तऱ्हेची माणसं एकाच लिफ्टने वर जातात. काही द्राक्षबागा बघायला, मौज करायला आलेली. काही रामकुंडावर अस्थी सोडायला नाहीतर त्र्यंबकला विधी करायला. त्या दुसऱ्या माणसांसाठी तुम्ही एक पद्धत पाडली होती. खोलीत फुलं नाहीत, द्राक्षांची टोपली नाही, टीव्ही बंद. निघताना कुणी ‘पुन्हा या’ म्हणायचं नाही, नुसतं दार उघडून धरायचं. दुखवट्याच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, मग त्यांना ‘या’ तरी कसं म्हणायचं? कॉम्प्युटरवर खोलीच्या नंबरापुढे बरोबरची खूण केली की टीव्ही गप्प राहायचा. तिला तुम्ही नाव दिलंत, मुकी रूम. ‘दोनशे चार मुकी आहे रे,’ असं तुम्ही ओरडून सांगितलं की मजल्यावरची पोरं चपलासुद्धा घासत नसत. मागच्या अंगणातल्या कडुनिंबाला तुम्ही एक लोखंडी आकडा ठोकून घेतला होता. अस्थींचा कलश खोलीत न्यायला लोकांना नको वाटायचं, तो तिथे टांगता यायचा. मी चिडलो होतो, ‘हॉटेल आहे की मसणवटा?’

तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘आमच्यात नाही मानत हो यातलं काही. पण ते मानतात ना? आणि रूममध्ये ते असतात साहेब, आपण नाही.’

आता त्या दिवसाबद्दल.

जळगावकडचं एक जोडपं येणार होतं. बुकिंग तुम्हीच फोनवर घेतलं होतं. तरणा मुलगा गेला होता त्यांचा. वडील मुलाचाच फोन वापरत होते, कारण त्याच्या मित्रांचे फोन त्यावर अजून यायचे आणि ते बंद करवत नव्हतं. तोच नंबर त्यांनी दिला. तुम्ही नंबर टाकला आणि सिस्टीमने मुलाचं नाव दाखवलं. मित्राच्या लग्नाला तो आदल्या वर्षी आपल्याकडेच उतरला होता. अमेय. तुम्ही खूण केलीत, आणि तेवढ्यावर न थांबता माझ्या केबिनमध्ये आलात. ‘साहेब, या रूमला हात लावू नका. नंबर त्या मुलाचा आहे. टीव्ही लागला तर त्याचं नाव येईल.’

मी म्हणालो, ‘बरं.’

त्या सकाळी शेठ एका प्रवासी कंपनीच्या लोकांना सिस्टीम दाखवायला आणणार होते. मजल्यावरून चालत जायचं, ज्या दारात कार्ड घालू तिथे टीव्ही बोलला पाहिजे. एखादी खोली गप्प निघाली तर सिस्टीम बिघडलेली वाटेल, म्हणून मी त्या मजल्यावरच्या सगळ्या खुणा काढल्या. तुमचीही. बघून काढली. मनात म्हटलं, मंडळी मजल्यावरून खाली गेली की परत लावू. मंडळी खूश झाली, चहा झाला, गप्पा झाल्या, आणि मी विसरलो.

पुढचं प्रज्ञासाठी लिहितो, तुम्हाला ते ठाऊकच आहे. मी मजल्यावर होतो तेव्हा ते दोघं लिफ्टमधून आले. वडिलांनी दार उघडलं, कार्ड घातलं. आतून तुमचा आवाज आला, ‘परत आलात, आनंद झाला.’ त्या हसऱ्या आवाजात. मग वडील बाहेर आले, मला बघितलं आणि म्हणाले, ‘हसताय तुम्ही? आमच्यावर हसताय?’ आणि जिन्याने खाली धावले, शेठना शोधत.

आई आतच होत्या. त्यांनी कार्ड काढलं. दिवे गेले, टीव्ही गेला. मी सुटकेचा श्वास घेतला, तेवढ्यात त्यांनी ते पुन्हा घातलं. अमेय. परत आलात, आनंद झाला. पुन्हा काढलं. पुन्हा घातलं. मी ‘मॅडम, मॅडम’ करत दारात उभा. किती वेळा ते मोजलं नाही. तुम्ही आलात, मला बाजूला सारून आत गेलात आणि म्हणालात, ‘ताई, पाणी घ्या.’

त्यांनी वर बघितलं. ‘ह्या तुम्हीच ना? टीव्हीतल्या?’

‘हो.’

‘किती हसून बोलता हो त्याच्याशी.’ मग त्यांनी तुमचा हात धरला. ‘टीव्हीत नाव नुसतं लिहिलंय. तुम्ही नाव घेऊन म्हणा ना एकदा.’

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि हातानेच खूण केलीत, दार लावा. मी दार लावलं. आत तुम्ही काय म्हणालात ते मला माहीत नाही. बऱ्याच वेळाने तुम्ही बाहेर आलात, हातात रिकामा ग्लास. आतला टीव्ही बंद होता.

तोवर शेठनी आपल्या दोघांना ऑफिसात बोलावलं होतं. शेठ पिंपळगावचे, द्राक्षांच्या व्यापारातून हॉटेलात आलेले, तडकाफडकी बोलणारे. ‘बोरस्ते, लय वाईट झालं हे. त्या माणसाच्या पाया पडलो मी. टीव्हीचं काम कुणाकडं असतं?’

मी म्हणालो, ‘रिसेप्शनकडे.’ खरंच होतं ते. खोटं बोलायला इतकं खरं वाक्य मी आधी कधी वापरलं नव्हतं.

‘म्हणजे या बाईंकडं.’ तुम्ही समोर असताना ते माझ्याशी बोलत होते. ‘तुमचंच चुकलं. असल्या कामाला आपल्यातलं माणूस बसवायचं. यांना काय कळणार आपल्यातलं?’

सुलभाताई, ते वाक्य त्या खोलीत किती वेळ राहिलं ते तुम्हाला माहीत आहे. मला त्या वेळी दिसत होतं ते सांगतो. मला कडुनिंबावरचा आकडा दिसत होता. ‘रूममध्ये ते असतात, आपण नाही’ म्हणणाऱ्या तुम्ही दिसत होतात. ‘आपल्यातला’ मी होतो, आणि त्या रूमची खूण मीच काढली होती. मी जिभेवर आणलंही असेल. पण प्रवासी कंपनीची माणसं बाहेर अजून जेवत होती, शेठनी त्यांच्यापुढे माझं नुकतंच कौतुक केलं होतं.

तुम्ही म्हणालात, ‘शेठ, त्या रूमला मी खूण केली होती.’ आवाज टीव्हीतलाच, फक्त हसू नसलेला.

शेठ माझ्याकडे वळले. ‘केली होती का ओ?’

आणि मी म्हणालो, ‘बघून सांगतो.’

तुम्ही हसला नाहीत. टाकीचा विनोद केला नाहीत. ग्लास टेबलावर ठेवलात आणि गेलात.

दुसऱ्या दिवसापासून तुमची बदली लिनन रूममध्ये झाली. ती ऑर्डर मी तोंडी दिली, तुमच्या चेहऱ्याकडे न बघता. मुक्या रूम बंद झाल्या, आकडा शेठनी काढायला लावला. आवाज मात्र कुणी बदलला नाही, कोण परत रेकॉर्डिंगची कटकट करणार? मग वर्षानुवर्षं तुम्ही तळमजल्यावर चादरी मोजत होतात, जिथे एकही पाहुणा येत नसे, आणि वर प्रत्येक दारात तुम्हीच हसून ‘आनंद झाला’ म्हणत होतात. मी मजल्यावरून चाललो की या दारातून, त्या दारातून. खाली आलो की तुम्ही म्हणायचात, ‘साहेब, बावीस डबल चादरी फाटल्यात.’ एवढंच. माझी पाठ दुखते हे कळल्यावर तुम्ही माझ्या खुर्चीसाठी दोन उशा शिवून पाठवल्यात. मी त्यांवर निवृत्त होईपर्यंत बसलो. कसा बसलो, माहीत नाही.

निवृत्तीनंतर एकदा जेल रोडला तुमच्या घरी आलो. सांगायचं ठरवूनच निघालो होतो.

‘या या साहेब! रस्ता चुकलात की काय?’

‘नाही, मुद्दाम आलो.’

‘मग तर चुकलातच. मुद्दाम येणाऱ्याला आम्ही उपाशी सोडत नाही.’

बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. तुम्ही नातवाचे पराक्रम सांगत होतात, मी वाक्य जुळवत होतो. जुळलं की घास गिळायचो आणि वाक्यही. शेवटी तोंड उघडलं आणि भलतंच विचारलं. ‘ताई, त्या दिवशी, त्या बाईंसाठी, तुम्ही मुलाचं नाव घेतलंत का हो?’

तुम्ही ताट उचलता उचलता थांबलात. ‘तुम्ही दार लावलंत ना साहेब? मग झालं.’

तुमच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, त्याला धरून मी बोललो असतो. दारापर्यंत सोडायला आलात आणि एकदम तो टीव्हीतला आवाज काढलात, ‘आपला मुक्काम सुखाचा झाला असेल. पुन्हा या!’ आणि स्वतःच खळखळून हसलात. मी म्हणालो, ‘येतो.’ रिक्षात बसल्यावर ठरवलं, पुढच्या खेपेला नक्की. पुढची खेप मी केलीच नाही.

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला आलो, मागच्या रांगेत बसलो. आपल्या हॉटेलातली दोन-तीन माणसं भेटली. निघताना सवयीने ‘येतो’ न म्हणताच उठलो, तर प्रज्ञा मागून आली. ‘काका, या हं पुन्हा. आई म्हणायची, आमच्यात नसतं तसलं काही.’ मग म्हणाली, ‘एक विचारू? आईचा आवाज कुठेच नाहीये आमच्याकडे. फोनवर बोलायची, पण रेकॉर्ड असं काही नाही. तुमच्या हॉटेलच्या टीव्हीवर होता ना तिचा आवाज?’

माझ्या तोंडून काय गेलं असेल? ‘बघून सांगतो.’

या वेळी गेलो. हॉटेल आता शेठच्या पुतण्याकडे आहे, पुढची बाजू नवी झाली आहे. एका दिवसासाठी खोली मागितली, मोबाइल नंबर दिला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘सर, मागच्या विंगमध्ये टीव्ही जुने आहेत, चालेल?’ म्हटलं, जुनेच पाहिजेत. दुपारची वेळ होती, मजल्यावर कुणी नव्हतं. दार उघडलं, कार्ड खाचेत घातलं. पडद्यावरचा घड फिकट झाला होता. त्याखाली माझं नाव आलं. सिस्टीम बसवली तेव्हा चाचणीसाठी मीच माझा नंबर टाकला होता, तो अजून तिला आठवत होता.

‘परत आलात, आनंद झाला.’

तेच हसू. उशीचा अभ्रा घातलेल्या माणसाकडे बघून निसटलेलं. तुम्ही माझ्याकडे बघूनच ते म्हणाला होतात, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा उमगलं. मी कार्ड काढलं, दिवे गेले. पुन्हा घातलं. पुन्हा काढलं. त्या जळगावच्या आईला मी दारात उभा राहून ‘मॅडम, मॅडम’ म्हणत होतो, तिला काय हवं होतं ते आता कळलं, आणि तुम्ही दार का लावायला सांगितलंत तेही.

मग फोन काढला, प्रज्ञासाठी रेकॉर्ड करायला. बोलायचं होतं ते सगळं तिथे, तुमच्या आवाजासमोर बोलून टाकायचं होतं. पण रेकॉर्डिंग चालू होतं. तुमच्या आवाजात माझा आवाज मिसळायला नको होता. म्हणून तोंडावर हात धरून बसलो. खोलीत तुम्ही बोलत होतात आणि मुका मी होतो. प्रज्ञाकडे पोचलेलं रेकॉर्डिंग स्वच्छ आहे. त्यात फक्त तुम्ही आहात.

त्या ऑफिसात, तुम्ही ग्लास धरून उभ्या असताना म्हणायला हवं होतं, जेल रोडच्या दारात म्हणायला हवं होतं, मागच्या विंगमधल्या त्या खोलीतही म्हणता आलं नाही, ते हे:

शेठ, बघितलं. खूण सुलभाताईंनी केली होती. रूमला हात लावू नका म्हणून मला बजावलंही होतं. ती मी काढली. त्यांना सगळं कळत होतं.

ताई, चुकलो. मला माफ करा.